आबांच्या नातवाला दुर्बीण

ग्रीन बे, विस्कॉन्सिन
८ नोव्हेंबर

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

इकडे सर्व क्षेम. थंडी सुरू झाली आहे. सकाळी गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडायचं काम माझं आणि ते होईपर्यंत खिडकीतून सूचना द्यायचं काम तुमच्या सूनबाईंचं.

पत्राचं कारण बंड्या. परवा त्याचा फोनवर निरोप आला, दबक्या आवाजात : "काका, येताना शिकारीची दुर्बीण आण. ९०×९०. झूम पाहिजे. रात्रीचं दिसलं पाहिजे. रंग मिलिटरी. आणि बाबांना सांगू नको." हे पत्र दादाच तुम्हाला वाचून दाखवणार, तेव्हा दादा, एवढा परिच्छेद तू वाचलेला नाहीस.

आबा, हे खूळ तुम्ही भरवलंत. ठासणीच्या बंदुकीची ती डुकराची गोष्ट तुम्ही मला सांगितलीत तेव्हा डुक्कर कुत्र्याएवढं होतं. बंड्यापर्यंत पोचेस्तोवर ते रेड्याएवढं झालंय, आणि बंदूक चालवताना तुम्ही एकटे होतात असंही आता निघालंय. आमच्या वेळी हाकाऱ्याला अख्खी वाडी होती. त्यात बंड्याला कळवावं कसं, की १९७२ च्या वन्यजीव कायद्यात नुसतं मारणंच नव्हे, तर फासे लावणं, हाकारा घालून जनावर उठवणं, घरट्यातली अंडी फोडणं, हे सगळं शिकारीतच मोजलंय? नाचणी तुडवणारं डुक्कर असलं तरी आधी वनखात्याची परवानगी. बेचकीने हरियल पाडलास तर राज्यपक्षी पाडलास, हेही सांगा. बेचकी वहिनीने चुलीत घातली असेल तर उत्तमच.

इकडे मात्र शिकार राजरोस. हरणांचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी उघडतो आणि नवरात्रासारखा नऊच दिवस चालतो. शेजारची बारा वर्षांची मुलगी यंदा बापाबरोबर जाणार आहे. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या कोणालाही इथे शिकारीचा वर्ग पास झाल्याशिवाय एकट्याने परवाना मिळत नाही, म्हणून तिने तो केलाय. अंगात भडक नारिंगी जाकीट घालावंच लागतं, दुसऱ्या शिकाऱ्याने हरीण समजू नये म्हणून. २०१६ पासून कायद्याने भडक गुलाबीही चालतो. तिने गुलाबी घेतलंय. हरणाला तो रंग नीट कळत नाही म्हणतात. मला इतका कळला की दोन मिनिटं तिच्याकडे बघवेना.

पण मला सांगायचंय ते निराळंच. तिला बापाने बंदुकीच्या आधी दुर्बीण घेऊन दिली. कारण विचारलं तर म्हणाला, बंदुकीवरच्या दुर्बिणीतून काही बघायचं म्हणजे नळी त्याच्यावर रोखणं आलं. झाडीत हललं ते हरीण की शेजारचा म्हातारा, हे ठरवायचं गळ्यातल्या दुर्बिणीने. नऊ दिवसांत बार उडतो एखादाच किंवा उडतच नाही. बाकी सगळा वेळ माणूस नुसता बघत बसतो. मी म्हटलं, मग आमच्या बंड्याला एक गोष्ट सोडून सगळी शिकार करता येईल.

तेवढ्या बळावर दुकानात गेलो. विक्रेत्याने आधी सगळ्यात महागडी हातात दिली, ऑस्ट्रियाची स्वारोव्हस्की, तीन हजार डॉलरच्या वर. त्यातून रस्त्यापलीकडच्या बाईच्या पिशवीवरचं बिल वाचता येत होतं. तेवढ्या पैशांत आपल्या घराची कौलं शाकारून होतील, म्हणून हात न थरथरता परत दिली.

आता बंड्याचे गैरसमज दूर करायचे आहेत, तेव्हा त्याला शेजारी बसवा. दुर्बिणीवरचा पहिला आकडा किती पट जवळ दिसेल तो, दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. २० पट घेतली की तुझ्या हाताचं थरथरणंही २० पट होतं, मग तिकाटणं लागतं, आणि ते घेऊन रानात जाणारा फोटोवाला दिसतो, शिकारी नव्हे. दुसरा भाग गणिताचा. ८×४२ ची दुर्बीण घे. ४२ ला ८ ने भाग : सव्वापाच. डोळ्यात जाणारी उजेडाची चकती तेवढ्या मिलिमीटरची. १०×२५ ची खिशातली दुर्बीण घेतलीस तर अडीच. २०×५० घेतलीस तरी अडीचच. भर दुपारी फरक कळणार नाही. पण डुक्कर भर दुपारी येत नाही. कातरवेळी नाचणीच्या कडेला काय हललं ते ८×४२ मध्ये दिसेल, तुझ्या ९०×९० मध्ये नाही, कारण ती बनत नाही. रात्रीचं कोणत्याच साध्या दुर्बिणीत दिसत नाही. झूमवाली तर फुकट दिली तरी नको. स्वस्तातल्या झूममध्ये दोन डोळ्यांना दोन चित्रं दिसतात आणि मग डोकं धरतं. लाल चकचकीत काचाही दिखाव्याच्या.

महाडच्या बाजारात कोणी दाखवलीच तर एक परीक्षा कर. दुर्बीण हातभर लांब धर, ट्यूबलाइटकडे रोख, आणि डोळ्याच्या काचेतल्या उजेडाच्या ठिपक्याकडे बघ. तो पुरता गोल असेल तर आतला लोलक बरा. कडा कापल्यासारख्या चौकोनी दिसल्या तर "बाबांना विचारून येतो" म्हणून निघ.

राहिला पाऊस. आबा, आपल्याकडे जुलैत चपलेला पांढरी दाढी येते, तिथे दुर्बिणीच्या काचेची काय कथा. आत बुरशीचं जाळं धरलं की संपलं. इथे निकॉनची ॲक्युलॉन स्वस्त पडते, शंभर डॉलरच्या आसपास, आणि दिसतंही छान, पण ती पाणी अडवत नाही. म्हणून त्यांचीच प्रोस्टाफ पी३ बघून ठेवली आहे, ८×४२. आत नायट्रोजन भरून सील केलेली, वजन पाऊण किलोच्या आत, पैसे थोडे जास्त. मला विचाराल तर हेच पैसे वाचवण्यात अर्थ नाही. तरी जून ते ऑक्टोबर घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायची. वहिनीच्या मसाल्याच्या फळीवर ठेवू नये.

बघायला तर कमी नाहीच. कापडे गावाच्या वरच्या रानात धनेश आहेत, घाटात शेकरू आहे, कड्यावर घिरट्या घालणारा सर्पगरुड आहे. थंडीत महाडला दादलीच्या पुलावरून सावित्रीच्या काठी मगरी ऊन खात पडलेल्या दिसतात. दुर्बिणीतून बघ म्हणावं, खाली उतरून नव्हे. आणि महाडच्या सिस्केप संस्थेची मंडळी गिधाडांसाठी झटताहेत, त्यांच्याबरोबर म्हसळ्याकडे चिरगावच्या रानात नेता आलं तर बंड्याला न्या. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने गिधाडं मेली, जनावरांसाठी ते औषध २००६ साली बंद झालं, तरी पाखरं अजून फार कमी.

मास्तरांनी पक्षी सप्ताहात सलीम अलींचं सांगितलं असेलच. सप्ताहाची सुरुवात ५ नोव्हेंबर, मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, आणि शेवट १२ नोव्हेंबर, सलीम अलींचा. लहानपणी एअरगनने सलीम अलींनी पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली आणि ती कोणती हे विचारायला थेट मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. पुढे आपल्याच जिल्ह्यात, किहीमला बसून त्यांनी सुगरणीची घरटी न्याहाळली. म्हणजे वाया गेलेल्या शिकारी पोराचंही असंच काहीतरी होऊ शकतं, हे दादाने ध्यानात घ्यावं.

आता तुमच्याकडचं काम. बंड्याला नाकासमोर बघायला सांगा, कपाळावर पट्टी धरा आणि डोळ्याच्या एका बाहुलीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून कळवा. बऱ्याच दुर्बिणी ५६ च्या आत मिटत नाहीत, आणि बंड्याचं तोंड वहिनीवर गेलंय, निमुळतं. ५६ च्या खाली भरला तर दुसरी शोधावी लागेल.

वहिनीला व आईला नमस्कार, बंड्याला आशीर्वाद. आम्ही डिसेंबरअखेर पोचतो. आंबोशी राखून ठेवावी.

आपला आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. तुमच्याही बाहुल्यांचं अंतर लिहून पाठवा. तुम्ही चष्म्यासकट बघणार, तेव्हा डोळ्याजवळची रबरी कडी आत फिरवायची असते, नाहीतर चित्राचा कडेचा भाग कापला जातो. बंड्याला वाटतंय दुर्बीण त्याची आहे. पहिले पंधरा दिवस तरी ती तुमच्या गळ्यात आणि पोलादपूरहून एसटी निघाली का याच्यावरच असणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.