हनोईत महाराजांचा पुतळा

तो मेसेज तुम्हालाही आलेला आहे. एवढ्याशा व्हिएतनामने अमेरिकेला कसं लोळवलं, असं पत्रकारांनी विचारल्यावर तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी म्हणे महाराजांचं नाव घेतलं. मग त्यांचे परराष्ट्रमंत्री भारतात आले, रायगडावर गेले, तिथली माती कपाळाला लावली आणि मूठभर बॅगेत भरून घेऊन गेले. शेवटी, 'गर्व असेल तर पुढे पाठवा.' मला गर्व होता. मी तो चौदा ग्रुपांवर पाठवला. त्यातला एक ग्रुप सोसायटीच्या पाणीपुरवठ्याचा होता.

अण्णांनाही पाठवला. अण्णा चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. त्यांचं उत्तर एका शब्दाचं आलं: 'संदर्भ?' मी चिडलो. सख्ख्या बापाने महाराजांच्या बाबतीत संदर्भ मागावा, हे मला फार लागलं. पुढे महिन्याभरात उदयपूरच्या एका मित्राने हाच मेसेज पाठवला, स्वल्पविरामासकट. फक्त महाराजांच्या जागी महाराणा प्रताप आणि रायगडाच्या जागी उदयपूर. ही गोष्ट मी अण्णांपर्यंत पोचू दिली नाही.

तर हनोईत उतरलो तेव्हा मनात हा चोर होता. मेसेज खोटा आहे हे डोक्याला पटलं होतं, पण ऊर ऐकायला तयार नव्हता. पहिल्याच सकाळी हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीला फोनमधलं महाराजांचं चित्र दाखवलं आणि विचारलं, "यांचा पुतळा तुमच्या शहरात कुठे आहे?"

तिने चित्र बोटांनी मोठं करून पाहिलं. "फारच रुबाबदार आहेत," ती म्हणाली. "तुमचे आजोबा का?"

मी क्षणभर 'नाही' म्हणायला विसरलो.

हनोईच्या दुचाक्यांबद्दल सगळ्यांचं लिहून झालंय, त्यामुळे थोडक्यात सांगतो. चाळीस वर्षं पुण्यात रस्ते ओलांडलेल्या माणसाला हे काय शिकवणार, अशा तोऱ्यात मी उतरलो. एक हात आडवा, डोळ्यांत जरब, ही आपली पद्धत. तिथे जरबेकडे बघायला कुणाला सवड नाही. तिथे एका संथ चालीने चालत राहायचं. थांबायचं नाही, पळायचं नाही, मागे तर मुळीच फिरायचं नाही. गाड्या आपोआप दोन्ही अंगांनी निघून जातात. मी मधोमध हात आडवा करून थांबलो आणि तिथेच राहिलो. बायको तोवर पलीकडे पोचून फळांचा भाव करत होती.

पण खरा पराभव केला तो स्टुलाने.

हनोईची जुनी पेठ म्हणजे आपल्या तांबट आळीचाच प्रकार. हांग बाक ही चांदीवाल्यांची गल्ली, हांग मा कागदी सामानवाल्यांची. आणि या सगळ्या गल्ल्यांचे फुटपाथ चिमुकल्या प्लॅस्टिकच्या स्टुलांनी भरलेले. आपल्याकडे नहाणीत कपडे धुवायला घेतात ना, तेवढं स्टूल. त्यावर टायवाला साहेब बसून वाडग्यातला फो ओढतोय, कॉलेजच्या पोरी बसल्यात, आजी बसल्यात. मीही बसलो, कारण मला अंड्याची कॉफी प्यायची होती. १९४६ साली दुधाचा तुटवडा पडला, तेव्हा मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुयेन वान झांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घातला, त्याची ही कॉफी. कप गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून देतात. वर पिवळाधमक फेस, खाली काळीकुट्ट कडू कॉफी. पहिल्या घोटाला वाटतं की कुणीतरी चुकून कस्टर्ड दिलं. तिसऱ्या घोटाला आपण चमच्याने कपाचा तळ खरवडत असतो. पस्तीस हजार डाँग झाले. मी आयुष्यात पहिल्यांदाच पस्तीस हजारांची कॉफी प्यालो आणि ऐटीत उठायला गेलो.

उठताच येईना.

शेजारी ऐंशीच्या पुढच्या एक आजी उकिडव्या बसून पालेभाजी निवडत होत्या. त्यांनी टोपली उचलली, कुठेही हात न टेकता सरळ उभ्या राहिल्या आणि चालायला लागल्या. त्यांच्या पाठमोऱ्या मूर्तीकडे बघताना मला इतिहासाचा एक सिद्धांत सुचला. गनिमी कावा हा सगळा गुडघ्यांचा खेळ आहे. झुडपामागे दबा धरायचा तर उकिडवं बसावं लागतं आणि वेळ आली की एका झटक्यात उठावं लागतं. मावळे बसत कसे? उकिडवे. माझे पूर्वज मावळेच होते (आमच्या भागात सगळ्यांचेच होते). मग बिनसलं कुठे? आधी पाट गेला आणि डायनिंग टेबल आलं. मग पंगत गेली, बुफे आला. मग कमोड आला आणि विषयच संपला. पानिपताबद्दल मी बोलणार नाही, तो अधिकार अण्णांचा; पण त्यानंतरच्या एकूण पडझडीची जबाबदारी मी फर्निचरवर टाकतो. ज्या देशाचा सबंध फुटपाथ दिवसभर दबा धरून बसलेला असतो, त्याच्याशी लढायला अमेरिकेने माणसं पाठवली ती सोफ्यावर वाढलेली! ह्या सिद्धांताला संदर्भ नाही. पुरावा होता, तो स्टुलावर बसला होता. शेवटी कॉफीवाल्याचा मुलगा एका बाजूने आणि बायको दुसऱ्या बाजूने, असं मला पालखीतून उतरवावं तसं उभं केलं.

संध्याकाळी होआन कीएम तळ्याकाठी बाकावर बसलो. (बाकाला पाठ होती. मी आधी तपासलं.) तिथे इंग्रजीचा सराव करायला विद्यार्थी परदेशी माणसं शोधत फिरतात. एक विशीतला मुलगा शेजारी येऊन बसला आणि तळ्याची गोष्ट सांगू लागला. पंधराव्या शतकात चीनच्या मिंग बादशाहीचा अंमल होता. त्याविरुद्ध ले लोईने १४१८ मध्ये लाम सनच्या डोंगरांतून बंड केलं. जवळजवळ दहा वर्षं लढला. रानात कोंडले गेले तेव्हा घोडे मारून खायची पाळी आली. एकदा वेढा इतका आवळला की सुटायची आशाच राहिली नाही. तेव्हा ले लाय नावाच्या सोबत्याने राजाची वस्त्रं चढवली, मीच ले लोई म्हणून शत्रूवर चालून गेला आणि पकडला जाऊन मारला गेला. राजा निसटला.

"शिवा काशीद!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की बदकं उडाली.

मग मी त्याला सांगितलं. पन्हाळा, १६६०, सिद्दीचा वेढा, महाराजांसारखा दिसणारा न्हावी, पालखी. माझं इंग्रजी मध्येच तुटलं, घसाही थोडा. पोरगं टक लावून ऐकत होतं. मग म्हणालं, ले लोईने सांगून ठेवलं होतं, माझ्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी ले लायचं श्राद्ध करा. आमच्याकडे अजून एकवीस तारीख ले लायची आणि बावीस ले लोईची.

यावर मला काही सुचलं नाही.

तलवारीची गोष्ट त्याने शेवटी सांगितली. ती ले लोईला दैवी कृपेने मिळाली होती. पातं कोळ्याच्या जाळ्यात सापडलेलं. राज्य आल्यावर राजा या तळ्यात नौकेतून फिरत असताना एक सोनेरी कासव वर आलं आणि म्हणालं, काम झालं, आता तलवार दे. राजाने दिली. होआन कीएम म्हणजे तलवार परत केली ते तळं.

मी लगेच भवानी तलवार काढली. काढणारच.

"मग तुमच्या राजानेही परत दिली?" त्याने विचारलं.

"नाही. ती लंडनला आहे, असं आमच्याकडे पुष्कळ जण मानतात. ती आम्हाला परत हवी आहे. एका मुख्यमंत्र्यांनी आणतो म्हणून सांगितलंही होतं."

त्याने विचार केला. "तिकडे कुठलं कासव होतं?"

तळ्याच्या पश्चिमेला ले लोईचा पुतळा आहे. उंच खांबावर, छोटासा, हातात तलवार. आमच्या चौकातल्या नगरसेवकाचा वाढदिवसाचा फ्लेक्स याच्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. मी खाली उभा राहून बराच वेळ वर बघत होतो आणि मला स्वतःची लाज वाटत होती. या लोकांनी रानात उपाशी राहून केलेल्या लढाया मी एका अंगठ्याने, पाणीपुरवठ्याच्या ग्रुपवर, आपल्या खात्यात जमा करून टाकल्या होत्या. वर महाराजांसाठी शिफारसपत्र आणायला हनोईला आलो होतो. फ्रेंचांना दिएन बिएन फूला हरवणारे जनरल गियापही मुळात इतिहासाचे मास्तर. हे अण्णांना सांगायला हवं होतं. अण्णा दोन वर्षांपूर्वी गेले.

रात्री खोलीवर येऊन ले लोई आणि ले लायची सगळी हकिगत भावकीच्या ग्रुपवर टाकली, तारखांसकट. अकरा अंगठे आले. मग चुलतभावाने लिहिलं: 'बघा! महाराजांचंच बघून केलं त्यांनी.'

ले लोई वारला १४३३ मध्ये. महाराजांचा जन्म १६३० चा. मी खाली एकच शब्द लिहिला: 'संदर्भ?' अजून उत्तर आलेलं नाही.