स्टेशन पाच मिनिटांवर

वहिनी, ती नळी ठेवा खाली आणि या जरा कुंपणाशी. चहा इथूनच देते, तारेतून कप जातो.

काय म्हणता, एजंटानं 'स्टेशन पाच मिनिटांवर' सांगितलं होतं? मग खोटं कुठं बोलला तो! त्याच्या बुलेटवर पाचच मिनिटं लागतात. चालत जायचं तर तुम्ही कुठं विचारलंत?

आणि स्टेशन गाठलं म्हणजे सुटलो असंही नाही. पुणे-दौंड मार्गावर विजेच्या तारा आल्या 2017 साली. 'आता मुंबईसारखी लोकल' हे ऐकता ऐकता आमचे मालक रिटायर झाले. पुण्याला जाताना गाडीत जागा मिळाली तर आपल्या केडगावलाच, पुढं यवतला चढणाऱ्यानं उभंच राहायचं. चौफुल्याला गेलात तर सोलापूर रोडची एसटी मिळते. भाऊजींना मात्र संध्याकाळी एकटं पाठवू नका तिकडं. लावणीची कला केंद्रं आहेत. आमचे एकदा कोथिंबीर आणायला गेले, ते रात्री साडेअकराला आले. कोथिंबिरीविनाच.

बंगला झकास हो तुमचा. चारी बाजूंनी मोकळा. एन.ए. बघून घेतलात ना? मग झोपा बिनघोर. मागच्या गल्लीतल्या निळ्या गेटवाल्यांनी गुंठा घेतला, 1089 चौरस फूट, आणि सातबाऱ्यावर नावं 11! एकेक गुंठा वेगळा विकायला तेव्हा तुकडेबंदी आडवी येत होती, म्हणून सगळ्यांचं मिळून एकच खरेदीखत. आता कर्ज काढायचं तर 11 सह्या. त्यातला एक दुबईला आणि दोघांची बोलचाल बंद.

पाणी? कालव्याचं आवर्तन सुटलं की विहिरी-बोअर भरतात. पण खडकवासल्याचं पाणी ते, आधी पुणेकरांची तहान भागणार, मग आपली. मुळा-मुठा मात्र न चुकता येते तालुक्यात, अख्ख्या पुण्याच्या आंघोळी उरकून.

तरी पुण्याहून इथं जागा घेणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नाहीत बरं. पंडिता रमाबाईंनी घेतली होती, शंभरेक एकर. त्यांच्या शारदा सदनाच्या, म्हणजे विधवांच्या शाळेच्या, खर्चाला फळबागेचा हातभार लागावा म्हणून. मग 1896-97 चा दुष्काळ पडला. बाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, तर पुण्यात प्लेग! सगळ्या पोरी इथं माळावर. आधी विहिरी खणल्या, मग इमारती. छापखाना काय, हातमाग काय, सगळं बायकांच्या हातचं. बाई 1922 साली गेल्या, त्यांचं इथलं मुक्ती मिशन अजून चालू आहे. त्यांना एजंट नव्हता, म्हणून स्टेशन किती लांब ते स्वतः चालून बघितलं असेल.

बाकी दत्ताचं दर्शन घ्यायचं तर नारायण महाराजांचं बेट आहे. कांदा घेताना मात्र दुकानात जाऊ नका. इथं उपबाजारात कांद्याचे लिलाव होतात, तिथं ओळख काढून गोणीच घ्यायची. गूळ गुऱ्हाळावरूनच आणा, पण चिमणी पेटली असेल तेव्हा दोरीवर पांढरं काही वाळत घालू नका. आणि अंधार पडल्यावर उसाच्या कडेनं फिरायचं नाही. बिबट्या आहे. हो, माहितीपत्रकात नव्हता, कसा असेल!

श्श... निळ्या गेटवाले येताहेत, हातात कागद दिसतोय. वहिनी, तुमचा कढीपत्ता काय म्हणतोय, धरला का?