बुडालेली बँक

साताऱ्याच्या दाजींचा फोन आला तेव्हा मी गिरणीत दळणाच्या रांगेत उभा होतो. पलीकडून थेट प्रश्न, "पाव्हणं, आंग्रे बँकेत येताय का?"

पोटात गोळाच आला. आमच्या सांगली भागात बँक हा शब्द जपून उच्चारतात. एका सहकारी बँकेत वडिलांची पुंजी अडकली होती. तिथं त्यांनी इतके हेलपाटे घातले की शेवटी वॉचमननं त्यांना मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली. पैसे नाहीत, निदान जेवण तरी वसूल झालं.

"दाजी, आता नवीन ठेव नको."

"ठेव न्हाई ओ. ही बँक बुडालेलीच हाय."

"मग जायचं कशाला?"

"बघायला!"

मग उलगडा झाला. समुद्रातल्या उथळ पठारालाही दर्यावर्दी लोक बँक म्हणतात. विजयदुर्गपासून सुमारे 105 किलोमीटर आत, भर अरबी समुद्रात असं एक पठार आहे. नाव कान्होजी आंग्र्यांचं. वर बेट नाही, खडक नाही. माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर, आणि त्यावर प्रवाळ, माशांचे थवे, सगळा जिवंत ऐवज. बुडालेली असूनही ठेवी शाबूत असलेली बँक मी प्रथमच ऐकत होतो. दाजींना तर तिचा जास्तच जिव्हाळा. कान्होजींचं सरखेलपद शाहू महाराजांनी कायम केलं, आणि शाहू महाराजांची गादी साताऱ्याची. "म्हंजे हेड ऑफिस सातारलाच की!" दाजी म्हणाले.

चौकशी केल्यावर कळलं की या बँकेची केवायसी फार कडक आहे. रात्रभर बोटीचा प्रवास आणि पाणबुड्याचा पक्का दाखला हवा. दाजींचा जलप्रवास म्हणजे बामणोली ते तापोळा, तोही दोन्ही हातांनी बाक धरून. तेव्हा मुख्य शाखा सोडून मालवण शाखेत जायचं ठरलं.

कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट असा रस्ता. वाटेत गव्यांचं दाजीपूर लागतं. तिथल्या पाटीखाली उभं राहून दाजींनी सात फोटो काढून घेतले आणि ते "माझ्या गावी" असं लिहून सगळ्या पाव्हण्यांना पाठवले. गवा दिसला नाही, त्यामुळे तुलनेचा प्रश्न आला नाही, असं माझी बहीण, दाजींची अक्का म्हणाली.

पुढं गाडीत नेहमीचं भांडण झालं. कोयना धरण सातारा जिल्ह्यात, साठा 105 टीएमसी. दारं उघडतात तिकडं आणि माळ्यावर चढतो आम्ही. आमच्या गावभागातल्या घराच्या भिंतीवर 2005, 2019 आणि 2021 अशा तीन रेघा आहेत. पोरांची उंची मोजायला चौथी. सांगलीकराला मीटर, वाव काही कळत नाही. त्याची खोली आयर्विन पुलावर मोजली जाते: 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2019 ला पाणी 57 च्या वर गेलं होतं. असल्या माणसानं पदरचे पैसे मोडून पाण्याखाली जावं, यातली गंमत मला घाट उतरल्यावर जाणवली. शिवाय आमची कृष्णा महाबळेश्वरला, या समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उगम पावते आणि त्याच्याकडं पाठ फिरवून चौदाशे किलोमीटर लांब बंगालच्या उपसागराला जाते. काहीतरी बघितलं असेल म्हणूनच ना?

मालवणात सिंधुदुर्ग समोर दिसला की आवाज आपोआप खाली येतो. 1664 साली कुरटे बेटावर पायाभरणी झालेला किल्ला. खाऱ्या पाण्याच्या पोटात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. दाजी साखर कारखान्याचे सभासद. साखरबावीत डोकावून त्यांनी हळूच विचारलं, "उतारा किती पडत असंल?"

दुसऱ्या दिवशी बोटीवर तालीम झाली. आमचा पाणबुड्या विशीतला, काळाभोर, दात मात्र टूथपेस्टच्या जाहिरातीतले. त्यानं सांगितलं की पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन नसतो, दाबून भरलेली साधी हवा असते. दाजींचा चेहरा पडला. "हवा तर फुकट असती की!" मग नियम आले. कान दुखले की नाक दाबून फुंकायचं. बोटांचं कडं केलं की ठीक. अंगठा वर म्हणजे मला वर न्या. आणि मुख्य नियम, "काका, नाकान श्वास घेवचो नाय. तोंडान. आणि धरून ठेवचो नाय."

अडचण आली दाजींच्या मिशीची. खास सातारी, झुबकेदार. तिच्यामुळं मुखवटा चेहऱ्यावर बसेना, फटीतून पाणी आत येई. पाणबुड्यानं भीत भीत वस्तऱ्याचा विषय काढला. बोटीवर शांतता पसरली. शेवटी व्हॅसलिनची डबी आली. दाजी डोळे मिटून बसले आणि तो पोरगा एकेक केस चेपत, नवरदेवाला हळद लावावी तसं व्हॅसलिन लावत राहिला. अक्कानं फोटो काढला. दाजीपूरचे सात एकीकडं, हा एक एकीकडं.

मी कृष्णेत पोहत वाढलेला. त्यामुळं माझी मान ताठ होती, आणि तिथंच घात झाला. पट्टीचा पोहणारा पाण्यात गेला की पहिल्यांदा काय करतो? श्वास रोखतो. इथं नेमकं तेच करायचं नसतं. वर येताना दाब कमी होतो, छातीत कोंडलेली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होते. पोरगा खूण करकरून थकला. मी गाल फुगवून तसाच. चौथ्या मिनिटाला मी बोटीवर होतो, अक्काच्या शेजारी, भडंग खात.

दाजींना पोहता येत नाही. पण गेली तीस वर्षं ते तोंड उघडं टाकून, लयीत, अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल असं झोपतात. खाली त्यांनी तेच केलं. बुडबुड्यांची माळ संथ वर येत राहिली. अक्का त्या बुडबुड्यांकडं बघत म्हणाली, "झोपलं वाटतं."

वीस मिनिटांनी दाजी वर आले ते बोलतच. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचं लटांबर अंगावरून गेलं. खडकाच्या कपारीतून शेवंडीच्या मिशा हलत होत्या ("माझ्यापरास लांब, पर पातळ"). एक केंड मासा तोंडासमोर येऊन, डोळे वटारून, जिल्हा बँकेच्या मॅनेजरसारखा कागद मागत थांबला. प्रवाळ हे झाड नसून लाखो बारीक जिवांची वसाहत आहे, हे ऐकल्यावर "म्हंजे सोसायटीच!" असं त्यांनी ठरवून टाकलं. माशांना भडंग टाकायला निघाले तेव्हा पोरानं हात धरला. 1987 पासून इथं सागरी अभयारण्य आहे. माशांना आपलं खाणं घालायचं नसतं.

"किती खोल गेलो व्हतो?" दाजींनी विचारलं.

"नऊ मीटर, काका."

मी मनात हिशेब केला. तीस फूट. आयर्विनला इशारा पातळीसुद्धा नाही. पण बोललो नाही, चार मिनिटंवाल्यानं काय बोलायचं?

जुलैच्या शेवटी पाऊस लागून राहिला. आम्ही गॅसची टाकी वरच्या मजल्यावर चढवत होतो तेवढ्यात साताऱ्याहून फोन.

"पाव्हणं, कोयनेची दारं उघडल्यात. श्वास धरून ठिऊ नका."