‘द’ची कोथिंबीर

माझी इंग्रजी पत्र लिहायची एक ठरलेली रीत आहे. आधी सगळा मजकूर ए, ॲन, द यांच्याशिवाय लिहून काढायचा. मग वरून ‘द’ भुरभुरायचा. परिच्छेदाला साधारण चार. एखादी ओळ फारच बोडकी दिसली तर आणखी एक. पोह्यांवर कोथिंबीर घालताना कुठल्या पोह्यावर पडली आणि कुठला कोरडा राहिला हे कोणी बघत नाही. बशी बरी दिसली की झालं. इंग्रजी वाचणारी माणसं मात्र एकेक पोहा उचलून बघतात.

शाळेत याला उपपद म्हणायचे. पाचवीत सरांनी फळ्यावर ए, ई, आय, ओ, यू ही पाच अक्षरं लिहिली आणि सांगितलं, “यांच्याआधी ॲन, बाकी सगळ्यांच्या आधी ए. संपलं.” इतका सुटसुटीत नियम मला आयुष्यात पुन्हा भेटला नाही. तो चुकीचा आहे हे कळायला वीस वर्षं लागली. युनिव्हर्सिटी ‘यू’ने सुरू होते, पण तिला ‘ए’. तास दाखवणारा अवर ‘एच’ने सुरू होतो, पण त्याला ‘ॲन’. कारण अक्षर बघायचंच नसतं, उच्चार ऐकायचा असतो. आणि हेच शब्द देवनागरीत लिहून बघा! युनिव्हर्सिटीच्या तोंडाशी ‘य’ उभा आहे, अवरच्या तोंडाशी ‘अ’. आंधळ्यालाही दिसावं. सरांनी त्या दिवशी फळ्यावर मराठीत लिहिलं असतं तर आमचा अख्खा वर्ग वाचला असता. एमएलएला ‘ॲन’ लागतो, कारण ‘एम’ म्हणताना तोंड स्वराने उघडतं; तोच गृहस्थ मिनिस्टर झाला की नुसता ‘ए’. बढती मिळाल्यावर काहीतरी कमी झाल्याचं राजकारणातलं हे एकमेव उदाहरण असावं.

हे तरी कानाने सुटतं. ‘द’ला कान, डोळे, नाक काहीच पुरत नाही. नदीला ‘द’ लागतो, म्हणून द गोदावरी. सरोवराला लागत नाही, म्हणून लोणार लेक तसंच. डोंगरांच्या रांगेला लागतो, एकट्या शिखराला नाही. म्हणजे सह्याद्रीला ‘द’ आणि त्याच सह्याद्रीतलं, महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच, १६४६ मीटरांचं कळसूबाई ‘द’वाचून. नवरात्रात बायका लोखंडी शिड्या चढून तिची ओटी भरतात, आणि इंग्रजीला एक ‘द’ द्यायला जिवावर येतं.

पहिल्या नोकरीत मला दोन साहेब होते. धाकटे साहेब ‘द’ खोडायचे, थोरले घालायचे. सिमेंटच्या गोण्या मागवणारं माझं तीन ओळींचं पत्र या दोघांमध्ये चार दिवस येरझारा घालत होतं. शेवटच्या फेरीला थोरल्यांनी विचारलं, “हा ‘द’ कोणी काढला?”

“धाकट्या साहेबांनी.”

“का?”

“कानाला खटकला म्हणाले.”

“त्यांना म्हणावं, कान दाखवून घ्या एकदा.”

पाचव्या दिवशी मालकांनी दुकानात फोन करून सांगितलं, “अहो, गोण्या पाठवा.” संध्याकाळी टेम्पो दारात. कुठल्या गोण्या, कोणाच्या गोण्या, आधी उल्लेख केलेल्या की नव्या, असं त्या दुकानदाराने अवाक्षर विचारलं नाही.

अशा वेळी मला नील आर्मस्ट्राँगचा फार आधार वाटतो. १९६९ साली चंद्रावर पाऊल टाकताना तो जे वाक्य बोलला, त्यातला ‘ए’ पृथ्वीवर कोणाला ऐकूच आला नाही. त्या ‘ए’वाचून ‘एका माणसाचं’ छोटं पाऊल हे ‘मानवजातीचं’ छोटं पाऊल झालं, आणि पुढच्या अर्ध्या वाक्यात उडीही मानवजातच मारते! आपण तो ‘ए’ म्हणालो होतो, निदान म्हणायचा होता, असं बिचारा नंतर सांगत राहिला. जन्माने इंग्रजी बोलणारा माणूस, आणि वाक्य एवढंसं. मला तर सिमेंटचं पत्र लिहायचं होतं.

खरं म्हणजे ही भानगड आपल्याकडेही आहे. इंग्रजीतला ‘ए’ हा मुळात ‘एक’च, झिजून उरलेला, आणि ‘द’ हा ‘तो, ती, ते’च्या भावकीतला. आजी गोष्ट सांगायची तेव्हा पहिल्या वाक्यात ‘एक राजा’ यायचा आणि दुसऱ्या वाक्यापासून ‘तो राजा’. नियम चोख. फरक इतकाच, की आपल्याकडे हे दोघे रोजंदारीवर आहेत. काम निघालं की बोलवायचं. इंग्रजीने त्यांना कायम करून घेतलं, आणि मग काम असो नसो, हजेरी लावावीच लागते.

आजी तर या विषयात इंग्रजांच्या चार पावलं पुढे होती. जगात जी गोष्ट एकच आहे तिला ‘द’ लागतो, जसा सूर्याला, चंद्राला. आजीने आजोबांचं नाव उखाण्याव्यतिरिक्त कधी उच्चारलं नाही. “ह्यांना ताक लागतं.” “हे आले, पानं घ्या.” घरात लहानमोठे नऊ पुरुष, पण “हे म्हणजे कोण?” असं कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. इंग्रजीतल्या ‘द’ला पुढे एखादं नाम तरी लागतं. आजीने नामच काढून टाकलं होतं.

माझी बायको मला नावाने हाक मारते, तीही एकेरीत. परवा स्वयंपाकघरात मी निव्वळ व्याकरणाच्या अंगाने हा विषय काढला. सूर्य, चंद्र, आजोबा, सगळं नीट मांडलं. तिने ऐकून घेतलं.

“विशेषनामाआधी ‘द’ लागत नाही,” ती म्हणाली. “कोथिंबीर निवड.”