बीवाले काका

पुण्यात टेकडीच्या पायथ्याला जेवढ्या सोसायट्या, तेवढे बीवाले काका. बँकेतून निवृत्त, पायात पांढरे बूट, आणि शर्टाच्या खिशात जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटं. त्यांत काळ्या, सुईसारख्या बिया. कॉसमॉसच्या. तुम्ही लिफ्टमध्ये सापडलात की एक पाकीट तुमच्या हातावर पडलंच म्हणून समजा. "नुसतं भिरकावून द्या. खत नको, पाणी नको, काही नको!"

काकांचा सगळा जीव या 'काही नको'त आहे. निवृत्तीनंतर त्यांनी आधी गुलाब लावला, त्याला मावा लागला. मोगऱ्यानं कळी धरली नाही. कढीपत्त्याला ताक पाजून पाजून घरातली कढी बंद झाली, तरी तो वीतभरच राहिला. मग कुठूनसा कॉसमॉस आला आणि एका पावसाळ्यात काकांच्या डोक्याच्या वर गेला. विनातक्रार वाढलेली काकांच्या आयुष्यातली ही पहिलीच गोष्ट. चिरंजीवसुद्धा इंजिनिअरिंगला एम-थ्रीत अडकले होते.

पण आपोआप येणारं झाड लावलं, यात पुणेरी माणसाला मोठेपणा कसा मिळणार? तो मधमाश्यांनी मिळवून दिला. गणेशखिंड रस्त्यावर केंद्र सरकारची मधमाशी संशोधन संस्था १९६२ पासून आहे. काका तिथे एकदा जाऊन आले आणि तेव्हापासून फुलोरी, सातेरी, आग्या ही नावं नातवंडांची घ्यावीत तशी घेतात. भाजीवालीकडे दुधी निवडणाऱ्या वहिनींना म्हणतात, "माशी नसती ना, तर हा दुधी नसता." वहिनी दुधी खाली ठेवतात आणि भेंडी घेतात.

माश्या येतात हे मात्र खरं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या कोवळ्या उन्हात त्या केशरी फुलांवर नुसती झुंबड असते. अडचण एवढीच की झाड मूळचं मेक्सिकोचं आणि कुंपण कशाला म्हणतात ते त्याला ठाऊक नाही. ते टेकडीवर चढलंय, रस्त्याच्या कडेनं पसरलंय.

तळमजल्यावर वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करणारी मुलगी राहते. तिनं एकदा हिंमत केली. "काका, ही आक्रमक जात आहे. परदेशी आहे."

"झेंडू कुठला गं? मिरची कुठली? दसऱ्याला तोरण लावू नको, आणि पोह्यांत मिरचीही घालू नको!"

"झेंडू टेकडी बळकावत नाही, काका. याच्या सावलीत कवला, तेरडा दबून जातात. त्यांच्यावरही माश्या येतातच की. आणि दिवाळीनंतर हा वाळला की माश्यांनी खायचं काय?"

काका क्षणभर थांबले. मग त्यांनी तिच्या हातावर एक पाकीट ठेवलं.

वास्तविक त्यांनी पाकिटं वाटली नसती तरी चाललं असतं. बीच्या टोकाला बारीक काटे असतात. बाल्कनीतल्या कॉसमॉसमध्ये शिरून, मग मोजे न बदलता टेकडीवर जाणारा माणूस रोज पेरणी करूनच येतो. हे काकूंना फार आधी कळलंय, कारण ते मोजे धुवायला त्यांच्याकडे असतात. "तुमच्या माश्यांना सांगा, मोजे पण चाटून द्या," असं त्या म्हणतात.

यंदा टेकडीप्रेमींनी रविवारी कॉसमॉस उपटायची मोहीम काढली. बी धरायच्या आत उपटायचं; वेळ पहाटे साडेसहाची. काका आले. रुसतील असं वाटलं होतं, पण त्यांनी सगळ्यांत जास्त उपटलं. बोटभर रोपही त्यांना लांबून ओळखू येत होतं. शिवाय तरुणांना 'मुळासकट, मुळासकट!' असं दरडावून मोहिमेचं नेतृत्वही त्यांनी आपसूक घेतलं. ऊन आलं, माश्या आल्या, आणि काका एका फुललेल्या झाडापाशी थबकले.

"सातेरी बसलीय. उठू दे तिला."

ती उठली. दुसरी बसली.

"काका, मिसळ खायला चला."

"तुम्ही व्हा पुढे. हिचं झालं की उपटतोच."

"आणि मग तिसरी आली तर?"

"तिला काय उपाशी पाठवायचं?" काका म्हणाले. "माझी मिसळ पार्सल आणा. रस्सा वेगळा."