पूर्ण तिकिटाचा म्हातारा

गेल्या हिवाळ्यात वणीहून यवतमाळची गाडी सुटली, तेव्हा प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबात माणसं होती चार आणि कंडक्टरच्या हिशेबात दोन. आई शहाऐंशीची, म्हणून फुकट. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीने ऑगस्ट 2022 पासून तिकीटच लावलेलं नाही. बायको अर्धी, कारण 17 मार्च 2023 पासून बाईमाणूस म्हटलं की अर्धं तिकीट, मग वय काही का असेना. नातू सात वर्षांचा, तोही अर्धा.

"काका, तुमचं वय?"

"बासष्ट."

"मंग फुल."

एसटीच्या लेखी पुरुष पासष्टीला ज्येष्ठ होतो. म्हणजे साऱ्या घराण्यात पूर्ण माणूस एकच उरला होता. त्या आनंदात लेखक दांडीला लोंबकळत उभा राहिला. गाडी गावाबाहेर पडते न पडते तोच कॉलेजातलं एक पोरगं दप्तर सावरत उठलं. "आबाजी, बसा इथं." कंडक्टरने मान वळवून पाहिलं. त्याच्या हातातल्या मशीनमधून निघालेलं पूर्ण तिकीट लेखकाच्या मुठीत अजून गरम होतं, आणि दहा मिनिटांत मधली तीन वर्षं कुठे गळाली याचा हिशेब लागत नव्हता. नाही म्हणावं, तर टोंगळे दुखत होते. लेखक बसला. पोराचे आभार मात्र जरा तुटकपणेच मानले, हे कबूल केलं पाहिजे.

माणूस म्हातारा कधी होतो, हा प्रश्न डॉक्टरला किंवा आरशाला विचारू नये, खिडकीला विचारावा. प्रत्येक खिडकीचं उत्तर वेगळं येतं. राज्य सरकारच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी नारळ मिळतो, गावाभोवतीच्या कोळसा खाणींत साठीला, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पासष्टीला. आईबापांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा साठीला ज्येष्ठ म्हणतो. आयकर खातंही साठीलाच म्हणतं, पण ऐंशीला पुन्हा 'अतिज्येष्ठ' अशी बढती देतं. नोकरीत कधी न मिळालेली बढती निदान तिथे तरी मिळेल, या आशेवर लेखक आहे. आयुष्मानचं कार्ड केवळ वयाच्या जोरावर हवं, तर सत्तरी गाठावी लागते. बँकेत साठी पूर्ण झाली की ठेवीवर थोडं जास्त व्याज मिळतं, आणि काउंटरवरची मुलगी ते अशा आवाजात सांगते की रक्कम काढून घेऊन पळून जावंसं वाटतं.

रेल्वेची गोष्ट आणखी निराळी. पुरुषांना साठीला चाळीस टक्के सवलत होती आणि बायकांना अठ्ठावन्नाव्या वर्षीच पन्नास. ती 20 मार्च 2020 ला बंद झाली, ती आजतागायत. तेव्हा लेखक छप्पन वर्षांचा होता. जन्मभर पंगतीला शेवटी पोचायची सवय, त्यामुळे मठ्ठा तरी उरेल अशी आशा होती.

ही साठी-पासष्टीची रेघ मारली कोणी? जर्मनीच्या बिस्मार्कने 1889 मध्ये म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा आणला, तेव्हा वय ठरलं सत्तर. ते पासष्टवर आलं 1916 मध्ये. कायदा आणला त्या वर्षी बिस्मार्क स्वतः चौऱ्याहत्तरचा होता आणि खुर्ची सोडायचं नावही काढत नव्हता. आपल्या विधानसभेकडे पाहिलं तर ही परंपरा जर्मनीतच राहिली असं म्हणता येत नाही.

आणि एवढ्या खिडक्या ज्या जन्मतारखेकडे बघतात, ती तरी कुठे खरी? लेखकाच्या कागदावर 1 जुलै 1963 आहे. आईच्या सांगण्याप्रमाणे तो चीनच्या लढाईच्या साली, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झाला. दारात शेजारपाजारची पोरं लाकडी बैल घेऊन बोजारा मागायला उभी होती आणि सुईण त्यांना हाकलत होती. म्हणजे 1962 चा ऑगस्ट सरता सरता. पण शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावला. कान कसाबसा बोटाला लागला. गुरुजी म्हणाले, "सहा झाले", आणि शाळा सुरू होण्याच्या बेताने सहा पूर्ण होतील अशी तारीख त्यांनी लिहून टाकली. 1 जुलै ही महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीची सामुदायिक जयंती आहे. लेखकाच्या वर्गात त्या दिवशी अकरा जण जन्मले होते.

त्या तारखेची खोच पुढे कळते. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणजे 30 जून. आणि वार्षिक वेतनवाढ लागते 1 जुलैला. वर्षभर राबून वेतनवाढ एका रात्रीने हुकायची. हा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल 2023 मध्ये निकाल कर्मचाऱ्यांच्या बाजूने लागला. खाणींतली तऱ्हा तर याहून रंगतदार. शाळेचं तोंड न पाहिलेल्या मजुरांचं वय कुठल्या कागदावरून धरायचं, यासाठी कोल इंडियात स्वतंत्र नियम आहेत, आणि कागद नसेल तर वैद्यकीय मंडळ वय ठरवतं. म्हातारपणाचं असं सरकारमान्य निदान इतरत्र क्वचितच होत असेल.

वणीकराने या विषयावर खरं तर जपून बोलावं. 29 ऑगस्ट 1880 ला याच गावात जन्मलेले माधव श्रीहरी अणे, म्हणजे लोकनायक बापूजी, बासष्टाव्या वर्षी काय करत होते? गांधीजींचं उपोषण सुरू असताना, फेब्रुवारी 1943 मध्ये, त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला. लेखकाने त्याच वयात दुधाचा रतीब बदलला. बापूजी सदुसष्टाव्या वर्षी बिहारचे राज्यपाल झाले. आणि 1962 च्या निवडणुकीत नागपुरातून अपक्ष उभे राहून लोकसभेत गेले, तेव्हा वय होतं एक्क्याऐंशी. पौर्णिमेपासून पौर्णिमा साडेएकोणतीस दिवसांची धरली, तर हजार पौर्णिमा व्हायला जवळजवळ एक्क्याऐंशी वर्षं लागतात. म्हणजे ज्या वयात माणसाला पाटावर बसवून सहस्रचंद्रदर्शन करतात, त्या वयात हा माणूस मतं मागत होता. शिवाय टिळकांचं संस्कृत काव्यचरित्र लिहिणं चालू होतंच. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला 1973 मध्ये, बापूजी जाऊन पाच वर्षं झाल्यावर. याच बासष्टच्या सालात प्रस्तुत लेखक जन्मला. गावाने त्या वर्षी मिळवलेलं आणि गमावलेलं बहुधा सारखंच भरलं.

वय हवं असलं तरी ते मिळतंच असं नाही. लेखक मध्यंतरी ज्येष्ठांच्या संघात नाव घालायला गेला. अर्जावर जन्मसाल वाचून चौऱ्याऐंशी वर्षांचे अध्यक्ष प्रसन्न हसले. "बरं झालं बाबू, पोरगं पाहिजेच होतं एखादं." तेव्हापासून सतरंज्या घालणं, माइकवाल्याकडे जाणं आणि 1 ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाला साठ खुर्च्या उचलणं हे संघातल्या तरुणाकडे आहे. सत्कार पंच्याहत्तरीच्या पुढच्यांचाच होतो. यंदा त्याने शालींच्या घड्याही घातल्या.

आईचा मात्र या सगळ्याला पाठिंबा नाही. म्हातारपण ही तिच्या मते लोकांची भानगड आहे. विधानसभेच्या वेळी, 2024 मध्ये, पंच्याऐंशीच्या पुढच्यांना घरबसल्या मत द्यायची सोय होती. तसा अर्ज भरून घ्यायला माणूस दारात आला, तर तिने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. "घरी काऊन? मी का बिमार आहो?" 20 नोव्हेंबरला ती ठेवणीतलं लुगडं नेसून केंद्रावर गेली. स्वयंसेवकाने हात धरून तिला थेट पुढे नेलं. लेखक एकसष्ट वर्षांचा, तो रांगेतच राहिला. त्याच्यापुढे वीसेक माणसं आणि डोक्यावर ऊन.

पाच मिनिटांत ती बोटाची शाई न्याहाळत बाहेर आली, फाटकावरच्या पोलिसाशी थांबली आणि रांगेकडे हात करून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्या माह्या पोराले एक खुर्ची द्या ना जी. त्याचे टोंगळे दुखतेत."