एम. ए.साठी कुठे जावे : सातारा-सांगली पद्धत

सामाजिक शास्त्रांतल्या पदव्युत्तर प्रवेशाच्या दोन-तीन जागा एकाच वेळी हाती आल्या, तर त्यांतली एक निवडण्याचा अधिकार सातारा आणि सांगली जिल्ह्यांत भावकीकडे असतो. अर्ज भरणे, परीक्षा देणे आणि निकाल लागल्यावर पेढे वाटणे ही कामे विद्यार्थ्याकडे राहतात. पेढे कंदीच असावेत, याबद्दल दोन्ही जिल्ह्यांत दुमत नाही. सांगली जिल्हा १९४९ साली वेगळा निघाला तेव्हा त्याचे नाव दक्षिण सातारा होते आणि १९६० पर्यंत तेच चालले. नाव बदलले, पद्धत सामाईक राहिली.

निवडीचा हंगाम चैत्रात सुरू होतो. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी आपसांत ठराव केला आहे, की आर्थिक मदतीसह देऊ केलेल्या जागेवर १५ एप्रिलच्या आत उत्तर द्यायची सक्ती विद्यार्थ्यावर करायची नाही. त्याला शांतपणे विचार करता यावा, हा हेतू. गावोगावच्या यात्रा नेमक्या त्याच दिवसांत येतात, हे ठराव करणाऱ्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही. मुंबईला माथाडीत असलेले मामा, गलाईच्या धंद्यासाठी तमिळनाडूत स्थायिक झालेले विट्याचे पाव्हणे, पुण्यात फ्लॅट घेतलेले धाकटे चुलते असे सगळे गावी हजर असतात. पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी मटण. पंगत उठली, सुपारी फुटली, की कुणीतरी विचारतो, "मग, पुढं काय करायचं ठरलंय?" देशातल्या केंद्रीय विद्यापीठांच्या सीयूईटीच्या फेऱ्या त्यानंतर पाऊस पडेपर्यंत रेंगाळतात, त्यामुळे लग्नाच्या मांडवांनाही चर्चेचा वाटा मिळतो.

आधी चौकशी होते ती विषयाची. त्यासाठी विषयांचे वर्गीकरण तयार आहे. अर्थशास्त्र म्हणजे बँक. राज्यशास्त्र म्हणजे एमपीएससी, आणि ती निघाली नाही तर पंचायत समिती. समाजशास्त्र म्हणजे समाजसेवा, जी पोटापाण्याचे बघून रविवारी करायची असते. मानववंशशास्त्र हे नाव ऐकल्यावर बैठक थोडा वेळ गप्प होते. मग आत्या विचारतात, "म्हंजी हाडं-बिडं उकरायची का?" इरावती कर्व्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात या विषयावर उभे आयुष्य घालवले, हे उत्तर बैठकीत चालत नाही, कारण त्यातून पगार कळत नाही. सांगलीत या वर्गीकरणाला भौगोलिक आधारही मिळतो. विश्रामबागेत विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून आहे आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून. अठ्ठावीस वर्षे उशिरा येऊनही मानाची खुर्ची वालचंदनेच पटकावली.

विषय नाइलाजाने मान्य झाला की संस्थांची छाननी सुरू होते. संस्थेचे मोल तिच्या नावावरून ठरते. तिथे कोण शिकवते हा मुद्दा कार्यक्रमपत्रिकेवर नसतो. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था या छाननीत सहज पुढे जाते. ती १९३६ साली सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याचे शिक्षण देण्यासाठी निघाली आणि १९६४ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, हा तपशील कुणी विचारत नाही. टाटा म्हणजे कंपनी आणि कंपनी म्हणजे नोकरी, एवढ्यावर काम भागते. तिचे एक आवार तुळजापूरला आहे असे कळल्यावर तर आईची हरकत तिथेच संपते.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची माहिती सगळ्यांना असते, कारण ती टीव्हीवरून आलेली असते. तिथले शुल्क किती, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे, हे मात्र टीव्हीवर आलेले नसते. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून या दोन्ही जिल्ह्यांचे हक्काचे विद्यापीठ आहे. त्याच्या बाजूने मांडला जाणारा मुद्दा भक्कम असतो: सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी घरी येता येते आणि डेअरीला दूध घालायला माणूस हाताशी राहतो. साताऱ्यात २०२१ साली रयत शिक्षण संस्थेच्या तीन महाविद्यालयांचा समूह करून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले, तेव्हापासून एसटीचा खर्चही वाचला आहे.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रकरण याहून रंजक आहे. ही संस्था १९३० साली उभी राहिली ती रावबहादूर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीवर, आणि काळे हे साताऱ्याचे वकील होते. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. आता साताऱ्याच्या विद्यापीठातल्या त्या तीन महाविद्यालयांपैकी एक गाडगिळांच्याच नावाचे आहे. म्हणजे गाडगिळांच्या नावाच्या महाविद्यालयातून पदवी घेतलेली मुलगी, साताऱ्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या आणि गाडगिळांनी घडवलेल्या संस्थेत जायला निघते, तेव्हा घरात प्रश्न निघतो, "तिथं आपल्या ओळखीचं कोण हाय का?"

परदेशातली जागा असेल तर छाननीची रीत बदलते. अशा जागेला विरोध होत नाही, तिचा फ्लेक्स होतो. फ्लेक्सवर विद्यापीठाचे नाव, विद्यार्थ्याचा गॉगल लावलेला फोटो आणि शुभेच्छुक म्हणून गल्लीतली सगळी मंडळे येतात. शुल्काचा आकडा येत नाही. या विषयात सर्वांत उपयोगी भेद एकच आहे: परदेशात एम. ए. करायला सहसा पैसे भरावे लागतात आणि पीएच. डी. करायला, जागा चांगली असेल तर, पैसे मिळतात. भावकी पहिला पर्याय पसंत करते, कारण तो एका वर्षात आटोपतो आणि लग्नाला आड येत नाही. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेले की बँक सहसा तारण मागते, आणि शेतजमीन तारण म्हणून घ्यायला बँका नाखूश असतात. तासगावकडच्या ज्या द्राक्षबागेच्या जोरावर मुलाला लंडनला पाठवायचे ठरते, तिला बँकेच्या टेबलावर कुणी विचारत नाही. मग विश्रामबागेतला प्लॉट निघतो, तो ज्याच्या नावावर आहे तो चुलता रुसतो, आणि प्रवेशाची बैठक वाटणीची बैठक होते.

देशात राहून संशोधन करणाऱ्यासाठी पैशांचे मार्ग आहेत. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात आणि दोन वर्षांनी, कामाचे मूल्यमापन समाधानकारक झाल्यास, ४२,०००. राज्यात सारथी, बार्टी आणि महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. त्यांच्या जाहिराती, जागा आणि हप्ते यांसाठी विद्यार्थ्यांना उपोषणाला बसावे लागते, तेव्हा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला आंदोलनाचा अभ्यास करायला वेगळे क्षेत्रकार्य लागत नाही. एवढे होऊनही ३७,००० हा आकडा बैठकीत टिकत नाही. पोलीस भरतीत लागलेल्या मावसभावाचा पगार समोर ठेवला जातो आणि विषय संपतो. पीएच. डी. झाल्यावर तासिका तत्त्वावर मिळणारे मानधन त्या मावसभावाला सांगू नये, असा संकेत आहे.

मार्गदर्शकाचा विचार सर्वांत शेवटी होतो, बहुधा प्रवेश घेऊन झाल्यावर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएच. डी. विद्यार्थी घेता येतात. नामांकित संस्थेत प्रवेश मिळाला आणि ज्यांच्यासाठी तिथे जायचे त्यांचे आठ भरलेले असले, तर नावाचा काही उपयोग उरत नाही. याच नियमांनी एम. फिल. ही पदवी बंद केली. तरीही "आधी एम. फिल. करून ठेव, हाताशी असलेलं बरं" हा सल्ला थोरल्या चुलत्यांकडून अजून मिळतो, आणि तो नम्रपणे ऐकून घ्यायचा असतो. मार्गदर्शकाबद्दल जी एक चौकशी भावकी आपणहून करते ती आडनावाची. त्यांचे प्रकाशित काम, त्यांच्या हाताखाली किती जणांची पदवी सहा वर्षांत पुरी झाली आणि किती जण वाटेत गळाले, हे त्याच विभागातल्या वरच्या वर्गाच्या मुलांना फोन केला तर दहा मिनिटांत कळते. हा फोन सहसा होत नाही. त्या वेळेत वसतिगृहाची मेस शाकाहारी आहे का, याची खात्री करून घेतलेली असते.

प्रस्ताव कसा वाचावा, याचा सर्वांत नीट नोंदला गेलेला दाखला याच मातीतला आहे. भीमराव आंबेडकर यांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जाताना त्यांच्या हाती जो प्रस्ताव होता, त्याच्या अटी स्पष्ट होत्या: बडोदा संस्थानाची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानात नोकरी. रक्कम, मुदत आणि बंधन या तिन्ही गोष्टींनी पुढची दहा वर्षे ठरवली. कोलंबियात एडविन सेलिग्मन यांच्यासारखे अर्थशास्त्राचे गुरू मिळाले. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. कराराप्रमाणे बडोद्यात नोकरीला गेले, तर जातीमुळे राहायला जागा मिळेना, आणि नोकरी सोडावी लागली. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून पैसे साठवले, राजर्षी शाहूंची आणि नवल भाथेना या मित्राची मदत घेतली, आणि १९२० साली लंडन पुन्हा गाठले. डी. एस्सी. १९२३ साली मिळाली. कोलंबियाची पीएच. डी. प्रबंध छापून झाल्यावर १९२७ साली रीतसर हाती आली. विद्यार्थी दिवसाच्या भाषणांत या हकिगतीतली जिद्द दरवर्षी सांगितली जाते. तिच्यातले साडेअकरा पौंड, तीन वर्षे आणि दहा वर्षांचा करार कुणी सांगत नाही. आणि प्रवेशपत्र हाती आल्यावर आधी वाचायचे ते नेमके हेच रकाने असतात.

कुठे जावे यावर इतका खल करणाऱ्या या दोन जिल्ह्यांत उलट दिशेची वाहतूक बरीच झाली आहे. फलटण तालुक्यातले राजकारण समजून घ्यायला अँथनी कार्टर परदेशातून आले आणि त्यांचा ग्रंथ केंब्रिज विद्यापीठाने १९७४ साली छापला. गेल ऑम्व्हेट यांनी पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९७३ साली डॉक्टरेट मिळवली आणि नंतर वाळवा तालुक्यातल्या कासेगावात संसार थाटला. १९८३ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये कासेगावातच त्यांचे निधन झाले. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण खटाव तालुक्यात, प्रतिसरकारचा मुलूख हाच, आणि रोजगार हमीचा आरंभीचा प्रयोग वि. स. पागे यांनी १९६५ साली केला तो तासगाव तालुक्यातल्या विसापुरात. बर्कलेहून कासेगावला येण्याइतके इथे अभ्यासण्यासारखे होते. कासेगावहून बर्कलेला निघालेल्या मुलीला मात्र त्याच पारावर विचारले जाते, की समाजशास्त्रात आहे काय एवढे.

बैठकीचा निर्णय बहुधा एकमताने होतो, आणि तो असा असतो, की यंदा बी. एड.चा फॉर्म भरून ठेवावा, पुण्यात एखादी अभ्यासिका लावावी आणि एम. ए.चे पुढच्या वर्षी बघावे. ज्या घरात निर्णय अजून व्हायचा आहे, तिथे विद्यार्थ्याने एवढे करावे: प्रवेशपत्रातली रक्कम, मुदत आणि अटी मराठीत एका कागदावर उतरवून तो यात्रेच्या आधी वडिलांच्या हातात द्यावा, मार्गदर्शकाच्या दोन विद्यार्थ्यांना फोन करावा, आणि शुल्क भरण्याची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहावी. त्या तारखेला शुल्क भरले गेले नाही, तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या नावाकडे जाते.